एका अक्षराची नोंद

सरकारी वकिलांनी कागद डोळ्यांपुढे धरला, चष्मा नाकावर सारखा केला आणि गाणं वाचायला घेतलं. गाणं वाचलं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं वाचलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून ते ज्युरीतल्या बारा जणांकडे बघत होते.

"नवव्या गल्लीच्या टोकाला मी त्याला पाडला. भर उन्हात, तोंडातून शब्द नाही काढला. लोखंड हातात, घामानं निसटतं. एका घावात नाही, दहा घावांत फुटतं. हात माझे लाल, धुतले तरी लाल. विचारू नका मला, तो कुठं होता काल."

कागद खाली ठेवून ते म्हणाले, "लोखंड. घाव. लाल हात. हे मी नाही म्हणत, आरोपी स्वतः म्हणतोय. तेही यमक जुळवून."

ज्युरीतली एक बाई ओठ घट्ट मिटून मान हलवत राहिली.

व्हर्लीन पिकेट त्यांच्यापासून चार हातांवर, जज्जसाहेबांच्या चौथऱ्याखाली, आपल्या यंत्रापाशी बसली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ऑर्डेलच्या कोर्टात ती एकतीस वर्षं स्टेनो होती. कानानं ऐकायचं, बोटांनी सोडून द्यायचं, मधे डोकं आणायचं नाही, हे तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते तिनं इतकं अंगी बाणवलं होतं, की संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय झालं कोर्टात, तर तिला खरंच आठवत नसे. खून, घटस्फोट, बांधाची भांडणं, सगळं तिच्या बोटांतून वाहून गेलं होतं. ज्युरी सोडली, तर त्या दालनात कठड्याच्या आतल्या बाजूला काळी माणसं दोनच असायची. एक ती आणि दुसरा जो कोणी आरोपी असेल तो.

आजचा आरोपी टेव्हियन ग्रूम्स. वय बावीस. आईबरोबर कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. त्याच्यावर आरोप असा, की जुलैतल्या एका दुपारी नवव्या गल्लीतल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात त्यानं तिथल्या गोऱ्या कारकुनाच्या डोक्यात लोखंडी गज घातला. गज सापडला नव्हता. राखाडी शर्टातला एक उंच काळा पोरगा पळताना दिसला, असं एका बाईनं सांगितलं होतं. दुकानातल्या फ्रिजच्या दारावर टेव्हियनच्या बोटांचे ठसे होते, पण कारखान्यातून सुटल्यावर तो रोजच तिथं थंड काहीतरी प्यायला जायचा. एवढ्यावर खटला उभा राहिला नसता. खून झाल्यावर दोन महिन्यांनी त्यानं फोनवर हे गाणं रेकॉर्ड करून लोकांपुढे टाकलं आणि खटला उभा राहिला.

"आता आपण त्याच्याच तोंडून ऐकू," सरकारी वकील म्हणाले.

लग्न झालेल्या बाईलाही तिकडं मिस म्हणायची रीत. जज्जसाहेब वाकून व्हर्लीनला म्हणाले, "मिस पिकेट, हेही उतरवून घ्या."

पडद्यावर टेव्हियन दिसला. कुठल्यातरी पायरीवर बसलेला, मागं ढोल नाही, बाजा नाही, नुसता मांडीवर हातानं ठेका. वकिलांनी वाचलेल्याच सहा ओळी, पण आता त्यांना श्वास होता. पहिल्या ओळीला व्हर्लीनच्या बोटांनी जे ऐकलं ते सोडलं. तिनं यंत्रातल्या पट्टीकडे पाहिलं.

पाडला नव्हता. गाडला होता.

सहाव्या ओळीपाशी सरकारी वकिलांनी पडदा बंद केला. पुढचं कामाचं नाही म्हणाले. आरोपीच्या वकिलांनी त्यावर हरकत घेतली नाही. कोर्टानं दिलेले वकील ते, शंभर खटले डोक्यावर, शिवाय दोन वर्षांपूर्वीच उत्तरेकडून आलेले. गाण्याबद्दल जितकं कमी बोलू तितकं बरं, असं त्यांचं मत होतं.

व्हर्लीनच्या डोक्यात मात्र एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी अडकलं. पेट्रोल पंप नवव्या गल्लीच्या मध्यावर आहे. गल्लीच्या टोकाला बेथेल चर्चची दफनभूमी. काळ्या माणसांची जुनी जागा, तिथं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, खोदायचं यंत्र येत नाही, कधी आलंच नाही. ज्याचा माणूस गेला त्याच्या घरच्यांनीच कुदळ घ्यायची. तिचा नवरा रूबेन गेला तो ऑगस्टात. तिच्या दोन भावांनी खड्डा खणला. उन्हानं तिथली लाल माती अशी भाजलेली, की दहा घाव घातल्याशिवाय वरचा थर फुटेना. दोघं घरी आले तेव्हा कोपरापर्यंत लाल. साबण झाला, लिंबू झालं, तरी नखांतला रंग आठवडाभर गेला नव्हता. ऑर्डेलमधल्या कुठल्याही काळ्या माणसाला विचारलं असतं, धुतले तरी लाल हात कुणाचे, तर त्यानं विचारलं असतं, कोण गेलं?

पण विचारणार कोण? टेव्हियनला साक्षीला उभं करायचं नाही असं त्याच्या वकिलांनी ठरवलं होतं, कारण सोळाव्या वर्षी गाडीचोरीत पकडला गेल्याचं मग बाहेर आलं असतं. आणि स्टेनोला मत नसतं. नोंद तर बरोबर झाली आहे, व्हर्लीननं मनाशी म्हटलं. नोंदीत आहे ना, बस.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्युरी आत विचार करायला बसली. तीन तासांनी त्यांच्याकडून चिठ्ठी आली: गाण्यातल्या ओळी पुन्हा ऐकायच्या आहेत, मुलानं म्हटल्या तशा. पडदा आणि यंत्रं तोवर दुसऱ्या दालनात नेली होती. जज्जसाहेब म्हणाले, नोंद आहेच, मिस पिकेट वाचून दाखवतील.

बारा जण येऊन बसले. त्यांतला एकच काळा, मिस्टर स्ट्रोझर, टपालखात्यातून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे. हात गुडघ्यांवर ठेवून ते पुढं झुकून बसले.

व्हर्लीन उभी राहिली. वाचताना आवाजाला चढउतार द्यायचा नाही हा नियम. तिनं सपाट सुरात वाचलं, "नवव्या गल्लीच्या टोकाला मी त्याला गाडला."

"हरकत आहे," सरकारी वकील उठले. "पुराव्याच्या कागदावर 'पाडला' आहे. पोलिसांच्या माणसानं दहादा ऐकून लिहिलंय."

जज्जसाहेबांनी दोन्ही वकिलांना आणि तिला चौथऱ्यापाशी बोलावलं. आवाज खाली.

"तुमचं काय म्हणणं?" त्यांनी आरोपीच्या वकिलांना विचारलं.

त्यांनी कागद उलटसुलट केले. "आमची हरकत नोंदवून घ्यावी. पण खरं सांगायचं तर गाडला काय नि पाडला काय, आम्हाला दोन्ही अडचणीचंच."

जज्जसाहेब व्हर्लीनकडे वळले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर कदाचित ती ताठ झाली असती. "मिस पिकेट, तुमची चूक झाल्याचं मला आठवत नाही. पण हे असलं संगीत, त्यात कुणाच्याही कानाला एखादं अक्षर इकडचं तिकडं होऊ शकतं. तुमची अगदी खात्री आहे?"

खात्री होती. तिच्या डोळ्यांपुढून मात्र भलतंच जात होतं. शेजारच्या काउंटीतली एक काळी स्टेनो साक्षीदाराच्या बोलण्यातला एक शब्द समजावून सांगायला गेली होती. नंतर तिला कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणं बंद केलं. व्हर्लीनच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आणि सरकारी वकील तिच्याकडे बघत होते. ते बघणं तिला ओळखीचं होतं. काळी बाई काळ्या पोराची बाजू घेतेय, एवढं त्यात लिहिलेलं होतं.

"आवाज तितका स्पष्ट नव्हता, साहेब," ती म्हणाली. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

"मग कागदाप्रमाणे वाचा."

ती जागेवर गेली. "नवव्या गल्लीच्या टोकाला मी त्याला पाडला," तिनं वाचलं.

टेव्हियननं तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. तो ओरडला नाही. वर्गात बाईंचा शब्द चुकला तर एखादं पोर सांगतं, तसं म्हणाला, "गाडला, मॅडम."

जज्जसाहेबांनी हातोडा आपटला आणि वकिलांना आपल्या अशिलाला आवरायला सांगितलं. व्हर्लीन खाली बसली आणि तिच्या बोटांनी तेही लिहिलं. आरोपी, दोन टिंबं, गाडला, मॅडम. मग उभी राहून तिनं उरलेल्या पाच ओळी त्याच्याकडे बघत वाचल्या.

चाळीस मिनिटांत निकाल आला. जन्मठेप, आणि तीस वर्षं सुटकेचा अर्जसुद्धा करायचा नाही.

बाहेर टेव्हियनची आई डॅनिटा भिंतीला पाठ लावून उभी होती. कारखान्यातले पांढरे रबरी बूट तिच्या पायांत तसेच होते, पाळीवरून थेट आलेली. व्हर्लीन समोरून जाताना ती म्हणाली, "मिस व्हर्लीन, तुम्ही निदान त्याच्याकडे बघून वाचलंत. बाकी कुणी त्याच्याकडे बघितलं नाही."

व्हर्लीन काहीतरी पुटपुटली आणि जिन्याकडे वळली.

ऑक्टोबरात बेथेलची दफनभूमी साफ करायचा शनिवार असतो. व्हर्लीन रूबेनच्या दगडाभोवतीचं गवत उपटत होती. मिस्टर स्ट्रोझर दाताळं घेऊन दोन ओळी पलीकडे होते. खटला संपला होता, आता बोलायला बंदी नव्हती. तरी ते बराच वेळ आपले पानंच ओढत राहिले. मग जवळ येऊन टोपी काढली आणि चर्चमध्ये म्हणतात तशी हाक मारली.

"सिस्टर पिकेट, एक विचारू?"

"विचारा ना."

"ती चिठ्ठी मी पाठवायला लावली होती. अकरा जण एकीकडे आणि मी एकटा. मी त्यांना म्हटलं, पोरगा 'गाडला' म्हणालाय, मी ऐकलंय. तो पुरण्याबद्दल बोलतोय, मारण्याबद्दल नाही. ते म्हणाले, मिस्टर स्ट्रोझर, तुमचं वय काय? म्हटलं ठीक आहे, वाचून घेऊ या." ते दाताळ्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिले. "तुम्ही आधी गाडला वाचलंत. मला बरं वाटलं. मग तिकडं जाऊन आलात आणि पाडला वाचलंत. मी म्हटलं, बाईंजवळ यंत्र आहे. माझ्याजवळ बहात्तर वर्षांचे कान. तेव्हा मी हात वर केला."

व्हर्लीनच्या हातात गवत होतं, ते हातातच राहिलं.

"काय होतं ते, सिस्टर?"

"गाडला," ती म्हणाली.

मिस्टर स्ट्रोझरनी मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "आपण निकाल दिला त्या वाराला रात्री मला झोप येत नाही हल्ली. इतर दिवशी येते," म्हणाले, आणि दाताळं तिथंच झाडाला टेकवून फाटकाबाहेर निघून गेले.

अपिलासाठी खटल्याची पूर्ण प्रत तयार करायची होती, ते काम तिचंच. एरवी ते ती कोर्टात बसून करायची. या खेपेला सगळं घरी घेऊन आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं आणि कानांवर हेडफोन लावून टेव्हियनचं पूर्ण गाणं पहिल्यांदा ऐकलं. सहा ओळींपुढं बेचाळीस ओळी होत्या.

सहा फूट खाली, सहा जण खांद्याला,
देव होता सुट्टीवर, सांगू तरी कोणाला.
पांढरा कोट म्हणाला, याला नशा हवी,
अरे, रक्तात काचा त्याच्या, वेदना नाही नवी.
घरी जा म्हणाले, घरी आला चादरीत,
चोविसाव्या वर्षी भाऊ माझा ओसरीत.

भाऊ म्हणजे मार्लो. व्हर्लीनला आठवलं, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली होती. सिकलसेलचा, रक्ताचा आजार, अंगात कळा उठल्या की पोरगा दातांनी उशी फाडायचा. खुनाच्या आधीच्या मे महिन्यात त्याला इस्पितळात नेलं, तर तिथल्या डॉक्टरनं ठरवलं, की हा दुखण्याच्या नावाखाली इंजेक्शन मागतोय. तीन तास बाकावर बसवून परत पाठवला. सकाळपर्यंत संपला. त्याची कबर टेव्हियननं खणली होती. गाण्यात कुदळीचं माप होतं, खड्ड्यात उतरलेल्या मुंग्या होत्या, आईनं खड्ड्यात टाकलेला त्याचा एक बूट होता. पेट्रोल पंप कुठंच नव्हता.

व्हर्लीननं कानांवरचं काढलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली. मग कामाला लागली. कोर्टाच्या प्रतीत सगळं सलग लिहायचं असतं, समासापासून समासापर्यंत. तिनं ओळी तोडल्या. पोरगा जिथं श्वास घेत होता तिथं तोडल्या. अठ्ठेचाळीस ओळी, पहिलीत 'गाडला'. त्यासोबत शपथपत्र जोडलं: मी कोर्टात सांगितलं ते खरं नव्हतं, मला स्पष्ट ऐकू आलं होतं, मी भीतीपोटी शब्द बदलला.

जज्जसाहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. शपथपत्र त्यांच्यापुढं होतं.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, मिस पिकेट? मी विचारलं होतं."

"विचारलं होतंत, साहेब. पण ज्या तऱ्हेनं विचारलंत त्यात उत्तर आधीच होतं."

त्यांनी शपथपत्र मिटून बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला नेहमी मान दिलाय."

"हो साहेब. तोच जाईल म्हणून भ्याले."

वर्ष उलटल्यावर वरच्या कोर्टाचा निकाल आला. अकरा पानं होती, त्यांत या गोष्टीला एक परिच्छेद. शब्दात एका अक्षराचा फरक असल्याचं मान्य केलं होतं. पण दोन्ही शब्द मृत्यूशीच संबंधित असल्यानं निकालावर त्याचा परिणाम झाला असेल असं वाटत नाही, असं तीन न्यायाधीशांनी एकमतानं लिहिलं होतं. उरलेल्या बेचाळीस ओळींबद्दल लिहिलं होतं, की त्या तेव्हा कुणी मागितल्याच नव्हत्या, तेव्हा आता मागता येणार नाहीत. व्हर्लीनला त्याआधीच मोठ्या दालनातून काढून तळमजल्यावर, वाहनांच्या दंडांच्या कोर्टात बसवलं होतं. तिथं दिवसभर एकच वाक्य लिहायचं, गुन्हा कबूल.

निकालाची बातमी डॅनिटाला वकिलांच्या पत्रातून कळली असणार. तरी व्हर्लीन रविवारी चर्च सुटल्यावर तिच्या घरी गेली. डॅनिटा मागच्या दारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. व्हर्लीननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चौथऱ्यापाशी काय बोलणं झालं ते, मिस्टर स्ट्रोझर काय म्हणाले ते, काहीही मागं ठेवलं नाही.

डॅनिटाचे हात चालूच होते. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तिथं बसल्या बसल्या."

"हो."

"मी मूर्ख, मी तुमचे आभार मानले." तिनं एक शेंग उकलली, दाणे काढलेच नाहीत, तशीच टोपलीत टाकली. "माझ्या मार्लोला बघून ते म्हणाले, याला काही होत नाही. टेव्हियनला बघून म्हणाले, हाच तो. त्यांचं मला काही वाटत नाही आता, मिस व्हर्लीन. ते असंच बघतात. पण तुम्ही तर आमच्यातल्या ना? तुमचा माणूस माझ्या पोरापासून चार कबरींवर आहे."

 व्हर्लीन जायला वळली.

"कुठं निघालात?" डॅनिटा म्हणाली. "दोन वाजता त्याचा फोन येतो. मी नाही सांगणार त्याला. तुम्ही सांगा."

फोन आला. आधी यंत्रातली बाई बोलली, हा फोन कैदखान्यातून आहे, बोलणं नोंदवलं जात आहे. मग टेव्हियन. डॅनिटानं फोन टेबलावर मधोमध ठेवला.

"टे, ती कोर्टातली बाई आलीय. तिला काही सांगायचंय तुला."

"यंत्रवाल्या मॅडम?"

"हो बाळा," व्हर्लीन म्हणाली. पोराला बाळा म्हणायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटून गेलं. पण तिनं सांगितलं.

पलीकडं दारं आपटल्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणालातरी शिव्या घालत होतं. टेव्हियन म्हणाला, "मला वाटलंच होतं, तुम्हाला ऐकू आलंय. पहिल्यांदा नीट वाचलं होतंत."

"मी भ्याले."

"मी पण भ्यालो होतो, मॅडम. तरी बोललो."

डॅनिटानं तोंड फिरवलं. टेव्हियननंच विचारलं, "त्या प्रतीत कसं लिहिलंय? सगळं एका दमात, पोलिसांच्या कागदासारखं?"

"नाही. तू जिथं श्वास घेतलास तिथं ओळी तोडल्यात."

"मार्लोचं सगळं? बुटाचं पण?"

"बुटाचं पण."

"मग त्या तीन जज्जांनी ते वाचलं असेल?"

"असेल बाळा."

"नसेल," तो म्हणाला. पण त्यात राग नव्हता. हिशोब संपल्यासारखं म्हणाला.

"आता लिहितोस का काही?"

"लिहीत नाही. वही होती ती घेतली त्यांनी. टोळीची भाषा आहे म्हणाले." मग जरा थांबून त्यानं मांडीवर ठेका धरला असावा, कारण फोनमधून थाप ऐकू आली. "मी आता कागदावर काही ठेवत नाही, कागद कोर्टात जातो, मी जात नाही."

"यमक जुळतंय अजून," डॅनिटा म्हणाली. ती हसली नाही.

"तोंडातच ठेवतो, मा. तुम्ही दोघी ऐका फक्त. पण लिहायचं नाही हं, मॅडम. शपथ घ्या."

"अरे, पण फोनवर तेही ऐकतायत," व्हर्लीन म्हणाली.

"ऐकू देत. त्यांना पाडलाच ऐकू येणार."

डॅनिटानं व्हर्लीनला माफ केलं नाही. तसं तिनं स्पष्ट सांगितलंही. पण पुढच्या रविवारी येऊ नका असंही म्हणाली नाही, म्हणून व्हर्लीन गेली. मग जातच राहिली. टेव्हियन कधी चार ओळी म्हणायचा, कधी दोन, कधी काहीच नाही, नुसतं विचारायचा, जेवायला काय आहे. एकदा त्याचा आवाज असा बोबडा आला, की डॅनिटानं विचारलं, दात कुणी पाडला? तो म्हणाला, मा, तू कोर्टासारखं बोलू नको.

ओळी लक्षात ठेवायचं काम व्हर्लीनवर होतं, असं तिनंच मानलं. डॅनिटा आठवड्याचे सहा दिवस पट्ट्यावर उभी राहून कोंबड्या कापायची, तिचं डोकं संध्याकाळपर्यंत रिकामं झालेलं असायचं. पण व्हर्लीनच्या लक्षात राहीना. एकतीस वर्षं तिनं शब्द बोटांतून सोडून द्यायची सवय लावली होती, आता ते थांबेनात. फोन ठेवला की ओळ होती, ओसरी ओलांडली की यमक उरलेलं असायचं, गाडी घराशी लागेपर्यंत तेही गेलेलं. वाटेत तिची बोटं स्टीअरिंगवर आपोआप हलायची. ती मूठ आवळून घ्यायची. शपथ घेतली होती.

मग त्या दोघी फोननंतर तासभर टेबलाशी बसू लागल्या. एकीला पहिलं अर्धं आठवायचं, दुसरीला दुसरं.

"'भिंतीला कान आहेत, मला नाही खिडकी'," डॅनिटा म्हणायची. "पुढं काय होतं?"

"काहीतरी गिरकी. नाही, फिरकी."

"फिरकी नव्हतं, मिस व्हर्लीन. माझं पोरगं असलं स्वस्त यमक घेत नाही."

"मग तू सांग."

"मला आठवत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

 शेगडीवर काहीतरी करपायला लागायचं. डॅनिटा उठून भांडं उतरवायची आणि पाठमोरीच ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघायची, हळू, मग जोरात, जणू वेगात म्हटली तर पुढची आपोआप येईल. आली नाही.

"पुढच्या रविवारी त्यालाच विचारू," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी दोन वाजता दोघी फोन मधे ठेवून बसल्या. अडीच वाजले, तीन वाजले. सोमवारी डॅनिटानं तुरुंगात फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, त्याला एकांतात ठेवलंय, कारण कळवता येत नाही, किती दिवस तेही नाही. त्यानंतरच्या रविवारीही फोन आला नाही. व्हर्लीन तरी गेली. डॅनिटानं दार उघडलं, खुर्ची पुढं ओढून दिली, आणि दोघी त्या एका ओळीपाशी पुन्हा बसल्या.